डॉक्टरची बाजू

भागरथाबाई,

तुम्ही गेल्याचे मला कारध्याच्या एका माणसाने सांगितले. तो दात दाखवायला आला नव्हता. मी आता दात पाहत नाही. माझ्या जुन्या दवाखान्याच्या जागेत किराण्याचे दुकान आहे, तिथे तो मीठ घ्यायला आला होता आणि मला ओळखून थांबला. तुमच्या घरून निरोप आला नाही. यावा असे कारणही उरलेले नव्हते.

तेरवीचा दिवस मला ठाऊक होता. त्या दिवशी मी आलो नाही. पंगतीत वाढायला ज्या बायका असणार होत्या, त्यांच्यासमोर पान मांडून बसणे मला जमले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो. तिथे जे घडले ते शेवटी लिहितो. आधीचे आधी लिहिले पाहिजे.

तुम्हाला वाचता येत नव्हते. तुम्ही हयात असताना हे लिहिले असते, तर कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असते, आणि यातील काही मजकूर तिसऱ्याच्या तोंडून तुमच्या कानी जाऊ नये असा आहे. आता ती अडचण राहिली नाही. मात्र तुमचे गुण गाण्यासाठी मी बसलेलो नाही. तुमच्या गावातल्या एका सावकाराच्या मयतीला सगळे त्याचे कौतुक करीत असताना तुम्ही सर्वांदेखत म्हणाला होता, "मेले का समदेच चांगले होतात जी. मंग जित्तेपनी वाईट कोन होतं?" ते मला स्मरते.

तुम्ही दाई होता. कारधा ओलांडून कच्च्या रस्त्याने चार मैलांवरच्या त्या गावात तिशीच्या आतले बहुतेक प्रत्येक माणूस तुमच्या हातावर जन्मले होते. मी भंडाऱ्यात दंतवैद्य होतो. आपली गाठ पडली ती तुमच्या धाकट्या जावेमुळे. तिचा जबडा सुजला होता. मी तपासले. समोरचे चार दात बोटाने हलत होते, हिरड्यांतून पू येत होता. पायोरिया झाला आहे, उशीर झाला आहे, सगळे काढावे लागतील, असे मी सांगितले. तिचे वय तेव्हा तिशीच्या आसपास असेल. ती रडू लागली. तुम्ही रडला नाहीत. तुम्ही विचारले:

"आमच्या गावच्या समद्या बायांचे असेच हालतात. तिशीत. हे काहून होते जी?"

"तंबाखू. अस्वच्छता," मी म्हणालो.

"तंबाखू त मी पन लावतो. माझे नाई हालले."

"हलतील."

"कवा?"

पुस्तकात जे होते ते दुसऱ्या देशांतल्या तोंडांविषयी होते. वैनगंगेच्या पलीकडच्या, धान लावणाऱ्या, पहाटे तंबाखूची गुडाखू घासणाऱ्या बाईच्या हिरड्या कोणत्या वयात, किती वेगाने दाताला सोडतात, आणि वेळेवर उपचार केला तर किती वाचतात, हे कुणी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन बसलो. माझ्या आयुष्यातले एकमेव संशोधन तुमच्या 'कवा' या प्रश्नातून निघाले, हे मी छापील निबंधात लिहिले नाही. आभारांच्या ओळीत माझ्या गुरूंचे नाव आहे. तुमचे नाही.

अभ्यासाची पद्धत मी तुम्हाला तुमच्याच ओसरीवर समजावून सांगितली होती. दातांच्या मुळाशी कीटण चढते. त्यामुळे हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात घाण साचते, तो खोल होत जातो, शेवटी हाड झिजते आणि दात पडतो. खुणा कोरलेली बारीक सळई घालून कप्प्याची खोली मोजता येते. मी चाळीसेक बायकांच्या तोंडाची उजवी बाजू खरवडून स्वच्छ करणार होतो आणि डावी तशीच ठेवणार होतो. दर सहा महिन्यांनी दोन्ही बाजू मोजायच्या, अशी दोन वर्षे. तोंड एकच, अन्न एकच, पाणी एकच, तंबाखू एकच. तेव्हा दोन बाजूंत जो फरक पडेल, तो केवळ उपचाराचा.

तुम्ही सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "अर्धंच तोंड?"

"तुलना करायची तर अर्धेच."

"मी बाईले अर्धी मोकळी करतो का जी? अर्धं पोरगं बाहेर, अर्धं तुलनेले?"

ओसरीवरच्या बायका हसल्या. मी हसलो नाही. मी सांगितले की, तुलनेशिवाय वैद्यकात काही कळत नाही, आणि जे कळत नाही ते बरे करता येत नाही. भागरथाबाई, हे मी आजही म्हणतो. या मुद्द्यावर आपला वाद मिटला नाही आणि तुमच्या जाण्याने मी तो सोडणार नाही. डावी बाजू ठेवणे ही माझी चूक नव्हती. चूक पुढे झाली.

तुम्ही विचारले, "अन् दोन वर्सांनी?"

"डावी बाजूही करून देईन."

"समद्यांची?"

"सगळ्यांची."

"मी बायांले तसं सांगू?"

"सांगा."

तुम्ही सांगितले. माझा शब्द त्या गावात तुमच्या तोंडून गेला. माझ्या शब्दाला तिथे कसलीच किंमत नव्हती. तुमच्या शब्दावर बायकांनी तोंडे उघडली.

पहिले तोंड तुम्ही स्वतःचे उघडले. परक्या पुरुषापुढे जबडा उघडून बसायला कुणी तयार होईना, तेव्हा तुम्ही पदर खोचून पाटावर बसला आणि म्हणाला, "घाला जी तुमची सळई. या बाया पायतील का मी मेलो नाई, मंग येतील." माझ्या तक्त्यावर पहिल्या क्रमांकाला तुम्ही आहात. तुमच्यानंतर तुमच्या शेजारची चंद्रभागा बसली. "माह्या नवऱ्यानं बी येवढं आत पायलं नाई," ती म्हणाली, आणि तुम्ही लगेच म्हणाला, "बाईचं तोंड बंद कराले समदेच येतात वो. उघडाले हेच पयले आले." त्या रविवारी नऊ तोंडे झाली.

वीज तुमच्या मोहल्ल्यात आली नव्हती. तोंडाच्या मागच्या भागात मला दिसत नसे. तुम्ही भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि अंगणात उभ्या राहून ऊन पकडून बरोबर मला हव्या त्या दाढेवर टाकू लागला. ऊन सरकले की तुम्ही सरकत होता. मला 'वर' म्हणावे लागत नसे, 'खाली' म्हणावे लागत नसे. माझ्या हाताच्या हालचालीवरून तुम्हाला कळत असे. बाळंतपणात पाहत-पाहत आलेली ती नजर होती. पुढे नागपुरास मी मोठमोठे दिवे असलेल्या खुर्च्या पाहिल्या. तितका स्वच्छ प्रकाश मला पुन्हा मिळाला नाही. हे तुम्हाला त्या वेळी सांगायला हवे होते. मी फक्त "ठीक" म्हणत असे.

दोन वर्षांत मी एक फेरी चुकवली नाही. पावसाळ्यात छोटा पूल पाण्याखाली जाई, तर पाणी उतरेपर्यंत थांबून दुसऱ्या रविवारी येई. रोवणीच्या दिवसांत बायका धानाच्या बांध्यांत असत, तर तुम्ही त्यांना चिखलाच्या पायांनी बांधावर बसवून ठेवत होता. माझ्या शिस्तीला साजेल असे काम मला दुसऱ्या कुणाकडून मिळाले नाही. माझे मदतनीस येत आणि सोडून जात. तुम्ही मदतनीसही नव्हता.

आकडे पाहून मी मनातल्या मनात आनंदलो होतो. तो आनंद मी कुणाला दाखवला नाही, परंतु तो होता, हे आज लिहून ठेवतो. उजवीकडच्या हिरड्या घट्ट झाल्या होत्या, फिकट गुलाबी, सळई लावली तरी रक्त येत नव्हते. डावीकडे कप्पे खोल होत चालले होते. फरक इतका मोठा होता की, अशा साध्या उपचाराने तो पडावा हे पुस्तकांनाही माहीत नव्हते. एका खेड्यात, एका सळईने आणि एका खरवडणीने मी ते दाखवले होते.

शेवटच्या मोजणीच्या दिवशी माझ्या लक्षात आले. लक्षात आधीच यायला हवे होते. चंद्रभागेच्या डाव्या दाढांवर काळा थर होता, उजव्यांवर नावालाही नव्हता. मागच्या बाईचेही तसेच. तिच्या आधीचीही आठवली. कीटण मी काढले होते, पण तंबाखूचा डाग तर दोन महिन्यांत परत चढतो. मी सळई खाली ठेवली आणि विचारले, "तुम्ही गुडाखू एकाच बाजूला लावता?"

चंद्रभागा तुमच्याकडे पाहू लागली. तुम्ही आरसा खाली घेतला.

"हो जी. उजवीकडं कोनी लावत नाई. ते डाक्टरची बाजू हाय."

"केव्हापासून?"

"पयल्या दिसापासून. तुमी येवढी मेहनत करून साफ केली, तिथं घाण लावाची कशी? मीच सांगतलं समद्यांले. लावाची असन त घरच्या बाजूले लावा म्हटलं." मग माझा चेहरा पाहून: "तुमाले माहीत नोतं?"

मला माहीत नव्हते. तुमच्या गावात गुडाखू ही केवळ सवय नव्हती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा पहाटे एकीने डबीतून काढायचा, दुसरीला द्यायचा, आणि बोटाने हिरड्यांवर घासत चौघींनी दिवसाचे बोलणे उरकायचे. नाही म्हणणे म्हणजे बसण्यातून उठून जाणे. तेव्हा तुम्ही ती सोडली नाही, एका बाजूला सारली. दोन्ही गालांची तंबाखू एका गालात गेली. काडीने दात घासायचे तेही आधी उजवीकडे, नीट. डावीकडे हात फिरवायचा. चावायचे मात्र डावीकडे. माझी मर्यादा राखण्यापायी चाळीस बायकांनी आपले तोंड वाटून घेतले होते. माझी डावी बाजू ही निसर्गाच्या हवाली केलेली बाजू नव्हती. ती आम्ही दोघांनी मिळून बिघडवलेली बाजू होती. मी नकळत आणि तुम्ही आदराने.

"मंग आता डावी बाजू साफ करून द्या जी," तुम्ही म्हणाला. "दोन वर्स झाले."

मी म्हणालो की, थांबावे लागेल. निबंध छापून येईपर्यंत कुणी फेरमोजणी मागू शकते.

"अन् हे जे बायांनी केलं, ते पन लिवाल ना?"

"ते लिहिले तर काही उरत नाही. सगळे वाया."

"काहून नाई उरत? उजवीकडचे दात उरले ना."

मी तुम्हाला म्हणालो, "संशोधन तुम्हाला कळत नाही, भागरथाबाई. तुम्ही बाळंतपणे पाहा." माझे शब्द हेच होते, यात मी काही फिरवलेले नाही. तुम्ही आरसा पदराने पुसला आणि भिंतीवर परत टांगला. बायका उठून गेल्या.

तुमचे म्हणणे बरोबर होते हे समजायला मला फार वर्षे लागली. दात उरले होते. का उरले, हे दोन कारणांत विभागलेले होते, खरवडणे आणि तंबाखू न लावणे, आणि ती दोन्ही आता सुटी करता येत नव्हती. परंतु तसेच लिहिता आले असते. एका बाजूला तंबाखू लागली नाही आणि ती बाजू तरली, एवढे लिहिले असते तरी पुढच्या माणसाला वाट मिळाली असती. माझ्या निष्कर्षापेक्षा तुमचा निष्कर्ष चांगला होता. तो एका वाक्याचा होता आणि मी तो ऐकला, समजण्याच्या अंतरावर उभा असताना ऐकला, आणि टाकून दिला. मला तो नको होता, कारण त्यात माझ्या हातांचे श्रेय अर्धे झाले असते.

आणीबाणी उठली त्या वर्षी निबंध छापून आला. त्यात लिहिले आहे की, दोन्ही बाजूंच्या इतर सर्व परिस्थिती समान होत्या. हे वाक्य मी लिहिले तेव्हा मला ठाऊक होते की ते खोटे आहे.

नागपुरास तो वाचण्यासाठी मला बोलावले. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका तरुण डॉक्टराने विचारले, "डाव्या बाजूच्या हिरड्या इतक्या झपाट्याने बिघडल्या, एवढ्या काळात एवढ्या बिघडू नयेत. याचे कारण काय असावे?" सभागृहात एकाच माणसाने तक्ता नीट वाचला होता. मी उत्तर दिले, "खेड्यातली अस्वच्छता." काही लोकांनी माना डोलावल्या. तुमचे अंगण मी इतके स्वच्छ पाहिले आहे की, तिथे सळई खाली पडली तरी मी ती न बिचकता उचलत असे.

त्यानंतर तुम्ही दर वर्षी येत होता. धान कापून घरात आले की, तालुक्याच्या कामाला येणाऱ्या बैलगाडीत बसून दवाखान्यात येत होता. बाकावर बसत होता. तुमची पाळी आली की आत येऊन एकच प्रश्न विचारत होता. "डावी बाजू कवा जी?" पहिल्या वर्षी मी म्हणालो, पावसाळ्यानंतर. दुसऱ्या वर्षी म्हणालो, हत्यारे नवी मागवली आहेत, ती येऊ द्या. तिसऱ्या वर्षी तुम्ही म्हणाला, "बाया मले रस्त्यानं हटकतात. डावीवाली आली म्हनतात." हसून म्हणाला. त्यात हसण्यासारखे काय होते, ते मी विचारले नाही.

चौथ्या वर्षी तुम्ही बसला नाहीत. टेबलाजवळ उभ्या राहून पदराच्या गाठीतून एक दाढ काढून माझ्यासमोर ठेवली. खालची, डावी, पहिली. मुळावर कीटणाचा थर होता.

"हे तुमची हाय जी," तुम्ही म्हणाला. "माह्या हातावर पडली भाकर खाता खाता."

मी दाढ उचलून पाहिली. मुळाचा कोन, झीज, सगळे पाहिले. तेवढेच मला जमले. तुमच्या तोंडाकडे मी पाहिले नाही. पाहिले असते तर तिथेच, त्याच खुर्चीत, तुमची डावी बाजू साफ करावी लागली असती. अर्ध्या तासाचे काम होते. खुर्ची रिकामी होती. हत्यारे उकळून ठेवलेली होती. मी म्हणालो, "येईन मी गावी. सगळ्यांचे एकदमच करू." तुम्ही माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

पाचव्या वर्षी तुम्ही आला, बाकावर बसला, आत आला, लेकीच्या मुलाच्या खोकल्याचे विचारले आणि गेला. डाव्या बाजूचे विचारले नाही. त्या दिवशी दवाखाना बंद करताना मला बरे वाटले. ते बरे वाटणे मी विसरलेलो नाही. त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत.

मी का आलो नाही, याची जी कारणे मी तुम्हाला दिली ती सगळी खरी होती आणि एकही कारण नव्हते. पूल पाण्याखाली जातो, तसा तो वरही येतो. हत्यारे आली होती. खरे कारण हे की, डावी बाजू साफ करायची तर आधी ती पाहावी लागली असती. प्रत्येक तोंडात मी काय लिहिले नाही, ते मला वाचावे लागले असते. मी माझ्या निबंधाला जपत होतो. जो मी इतका जपला, तो कुणी पुन्हा वाचला असेल, असे मला आज वाटत नाही. तुमच्या जाण्याची बातमी कळल्यावर मी त्या नियतकालिकाला पत्र लिहिले, चार ओळींचे, त्या वाक्यापुरते. पत्र परत आले. नियतकालिक बंद पडून बरीच वर्षे झाली आहेत. खोटे दुरुस्त करायला जागा उरलेली नाही.

आता त्या सकाळचे.

मी जुनी पेटी घेऊन आलो. हत्यारे आदल्या दिवशी उकळली होती. बसने कारध्यापर्यंत, पुढे एका दूधवाल्याच्या सायकलवर मागे बसून. गावाच्या तोंडाशी, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर चंद्रभागा भेटली. तिने मला ओळखले. पेटीकडे पाहिले.

"कायले आले जी?"

"डावी बाजू करायला."

मग डाव्या गालात बोट घालून तो बाहेर ओढून तिने मला दाखवले. वर, खाली, मागेपर्यंत. नुसती हिरडी होती, गुळगुळीत, बरी झालेली. जिथे दात नसतात तिथे रोगही राहत नाही.

"आता काय साफ करता, गोटे?" ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. "समद्यांचं असंच हाय. भागरथाचं बी असंच होतं. शेवटी शेवटी आंबीलच प्यायची, उजवीकडं चावाचीच नाई." मग गाल सोडून तिने उजवी बाजू दाखवली. "हे पाहा, हे तुमची. एक नाई पडला."

घरी तुमचा मुलगा देवाजी नव्हता, वावरात गेला होता. ओसरीवर तुमची सून होती. तुमच्या मुलाचे लग्न मी अभ्यास थांबवल्यानंतर झाले, तेव्हा मी तिला कधी पाहिले नव्हते आणि तिने मला. कुणी उशिरा भेटायला आलेला सोयरा असे समजून तिने पाणी दिले आणि जोत्यावर बसून गुडाखूची डबी काढली. वय पंचविशीचे असेल. तिने बोटावर लगदा घेतला. बोट डावीकडे गेले, खाली, मग वर. बराच वेळ घासले. उजवीकडे गेले नाही.

"उजवीकडे लावत नाही?" मी विचारले.

"नाई जी. ते डाक्टरची बाजू हाय."

"कोणता डॉक्टर?"

"होता एक भंडाऱ्याचा. मेला म्हनतात. लगीन होऊन आलो तवाच बुढीनं सांगतलं, उजवीकडं घाण लावाची नाई. इथं कोनीच नाई लावत. आता माह्या ननंदा बी सासरी तसंच करतात."

"त्याने तुमच्या तोंडाला कधी हात लावला होता?"

"मी कुठं होतो जी तवा?"

मी तिला तोंड उघडायला सांगितले. म्हातारा माणूस सांगतो म्हणून तिने उघडले. मी जोत्याशी उन्हाकडे तिचे तोंड वळवले. डावीकडच्या दोन दाढा हलत होत्या. हिरडी सुजलेली, सुटलेली, काठावर पू. उजवीकडे पंचविशीच्या बाईचे असावेत तसे दात. हे मोजायला मला सळई लागली नाही. त्या तोंडात मी कधीही काम केले नव्हते, कधीही काही वचन दिले नव्हते, आणि माझा निबंध त्यात जसाच्या तसा होता.

मी सांगितले की तो डॉक्टर मीच. मी मेलेलो नाही. मी पेटी उघडली आणि डावी बाजू साफ करून देतो म्हणालो. तिने खरवडणीकडे पाहिले, मग ती धरलेल्या माझ्या हाताकडे.

"हात थरथर कापून राहिला जी तुमचा," ती म्हणाली आणि तोंड मिटले.

तिचे बरोबर होते. मी हत्यार परत ठेवले. मग मी तिला सगळे सांगितले, भागरथाबाई, जे तुम्ही मला लिहायला सांगितले होते ते. डॉक्टरची म्हणून कुठलीही बाजू नसते. तुमच्या सासूबाईंचा आणि माझा तो एक घोटाळा होता. सगळे तोंड तुमचेच आहे. गुडाखूने दात जातात, ती सोडून द्या.

तिने लक्ष देऊन ऐकले. जितके लक्ष देऊन तुम्ही ऐकत होता तितके.

"ते नाई सुटत जी," ती म्हणाली. मग जरा विचार करून: "म्हंजे आता डाक्टरची बाजू नाईच?"

"नाही."

"मंग उजवीकडं पन लावू? डावीकडं लय दुखून राहिलं, लावता येत नाई."

तिने प्रामाणिकपणे विचारले होते. बोट डबीत होते. ती माझ्या उत्तरासाठी थांबली.

आयुष्यात एकदा तरी त्या गावात खरे सांगून निघावे, एवढ्यासाठी मी आलो होतो. ते मी सांगितले होते. त्याला पाच मिनिटे झाली नव्हती.

"नको," मी म्हणालो. "उजवी बाजू डॉक्टरचीच राहू द्या."

"बरं जी," ती म्हणाली, आणि डावीकडे बोट नेऊन हळूहळू घासू लागली.